बाकावर मामा बसले होते

खोकला हटत नव्हता. क्षयाची औषधं सुरू करताना डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणीही करून घ्यायला सांगितली, तसा मी रागानं उठून आलो. पालीच्या खंडोबाला इतकी वर्षं भंडारा वाहणारा मी, आणि मला ही तपासणी? देवावर भरवसा तरी कसला ठेवायचा, असंही मनात येऊन गेलं. पण भीती आत शिरली होती. पलूसला तपासलं तर गावभर होईल, म्हणून बायकोला खोटं सांगून रेल्वेनं थेट कोरेगाव गाठलं. वाटेत देवाला एकच विनवत होतो, ओळखीचं कुणी भेटू देऊ नकोस.

सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझे सासरे बसले होते.

उंब्रजचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले मामा. त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. मी मागं वळणार, तोच त्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली गोळ्यांची पिशवी त्यांनी झटकन मांडीखाली सरकवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती काढून उघडी मांडीवर ठेवली.

"बसा, पाव्हणं. मी लय वर्सं हितंच येतोय. तुमच्या सासूबाईंबिगर कुणाला ठावं न्हाई."

कसं, कुठून, त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. माझ्या तपासणीत एचआयव्ही निघाला. समुपदेशक बाई शांतपणे सांगत होत्या. मला ऐकू येत होतं, कळत काहीच नव्हतं. क्षयाच्या गोळ्या घेऊन बाहेर आल्यावर मामांनी माझा हात धरला. "मला कळालं तवा मी जीव द्यायला निघालो व्हतो. आज नातवंडं खेळवतोय न्हवं?"

घरी सांगायची माझी छाती होईना. मामा सोबत आले. स्वतःच्या लेकीसमोर त्यांनी आधी आपलं सांगितलं, मग माझं. ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग मला म्हणाली, "दोन्ही बाळंतपणांत ह्याच्यासाठी माजं रगात तपासलं. तुमास्नी कुणी कवा इचारलंच न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी कोरेगावलाच तिची तपासणी होती. ती आत गेली आणि मी हात जोडले, पण मागायला शब्दच सुचेना. जे असेल ते तुझ्या पायाशी, एवढंच म्हणालो. असं मी देवाला आजवर कधी म्हटलं नव्हतं. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, तरी मन निवलं.

ती बाहेर आली. तिच्यात काही निघालं नव्हतं. माझ्याकडं न बघता पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "चला, तुमची गोळ्यांची येळ झालीया."