बंदराचा बंदोबस्त आणि बाबांचा

बाबा माझ्याकडे, लंडनजवळच्या वॉटफर्डला, येऊन दोन महिने झाले, तरी त्यांना समुद्र दिसला नव्हता. रत्नागिरीच्या माणसाला इतके दिवस समुद्रापासून लांब ठेवणं हे पाप आहे, असं माझं मत. ब्रायटनला सगळेच जातात. बाबांनी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे त्यांना नुसती वाळू पुरत नाही, सोबत एखादा किल्ला लागतो. म्हणून पोर्ट्समथ. नवरा हॉस्पिटलात ऑन-कॉल होता, तेव्हा मी, बाबा आणि माझी दहा वर्षांची इरा असे तिघंच शनिवारी सकाळी निघालो.

वाट सोपी आहे: एम-पंचवीस आणि मग ए-थ्री. ट्रॅफिक नसेल तर दोन तास, पण एम-पंचवीसवर ट्रॅफिक नसलेला शनिवार मी अजून पाहिलेला नाही. हाइंडहेडचा बोगदा संपेपर्यंत तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा रिकामा झाला होता. हायवेवरच्या सर्व्हिसेसवर कॉफीला थांबलो तेव्हा बाबांनी किमतींचा बोर्ड वाचला आणि निमूटपणे पाण्याची बाटली उघडली.

शहरात शिरण्याआधी पोर्ट्सडाउन टेकडीवर थांबाच. इथे जुन्या किल्ल्यांची रांगच आहे. आम्ही गेलो त्या किल्ल्यात प्रवेश फुकट होता, फक्त पार्किंगचे पैसे पडले. टेकडीवरून सगळं बंदर, त्यापलीकडे आइल ऑफ वाइट आणि पाण्यात मध्येच बसवलेले गोल किल्ले दिसतात. गंमत म्हणजे टेकडीवरच्या किल्ल्यांची तोंडं समुद्राकडे नाहीत, जमिनीकडे आहेत. शत्रू मागच्या दाराने आला तर काय, ही धास्ती. "पाठ समुद्राकडे करून समुद्र सांभाळतायत! आमचा सिंधुदुर्ग बघा म्हणावं," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसले.

आत एका दगडी खोलीत छोटं प्रदर्शन होतं: साम्राज्यातली बंदरं आणि ती राखायची कोणी. एक वयस्कर स्वयंसेवक आजोबा उत्साहाने माहिती देत होते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला एक मोक्याचं बंदर होतं. जहाजं सगळ्यांचीच तिथून जायची, त्यामुळे ते राखायला हवं यावर सगळ्या वसाहतींचं एकमत होतं. आपण राखायला हवं, यावर कोणाचंच नव्हतं. लंडन म्हणे तोफा आम्ही देतो, तटबंदी आणि माणसं तुमची. दूरच्या वसाहती म्हणत, ते बंदर आमच्या दारात थोडंच आहे? पत्रं जहाजाने जायची, जहाजाने यायची, आणि तोवर तिथला किनारा उघडाच.

"एडनचंही तसंच," बाबांनी इंग्रजीत सांगितलं. "एडन वॉज अंडर बॉम्बे, यू नो." स्वयंसेवक आजोबांना हे माहीत होतं आणि त्यांनी बाबांचा हातच हातात घेतला. दोन इतिहासवेडे भेटले की वेळ कसा जातो विचारू नका. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. बाबांना इतकं खुलून बोलताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग बाबांनी इराला मराठीत समजावलं, "म्हणजे बघ, बंदराच्या बंदोबस्तावरून चाललेलं भांडण."

"बंदोबस्त म्हणजे?"

"म्हणजे कोणाची काळजी कोणी, कशी घ्यायची, त्याची व्यवस्था."

इराचा चेहरा उजळला. शब्द नेमका कुठे बसतो ते तिला कळलं होतं. "ओह! मम्मा आणि मामा रोज आजोबांची बंदोबस्त करतात! काल कॉलवर पण केली. मामा म्हणाला, सिक्स मंथ्स तू, सिक्स मंथ्स मी."

'आजोबांची बंदोबस्त' ऐकून हसू यायला हवं होतं. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. गेल्या वर्षी बाबा बाथरूममध्ये पडले, तेव्हापासून पुण्यातला माझा धाकटा भाऊ निखिल आणि मी खरंच हेच करत होतो. व्हिसा चालेल तितके दिवस माझ्याकडे, बाकीचे त्याच्याकडे, रत्नागिरीचं घर बंद. बाबांना यातलं काही माहीत नाही, अशी आमची समजूत होती.

बाबा हसले. आधी इराचं व्याकरण सुधारलं: "आजोबांचा बंदोबस्त. आणि तो चोरांचा करतात गं, आजोबांचा नाही." मग माझ्याकडे न बघता त्यांनी स्वयंसेवक आजोबांना विचारलं, "आणि त्या बंदरात राहणारी माणसं? त्यांचं काय म्हणणं होतं?" ते जरा गोंधळले. ते आपल्याला ठाऊक नाही म्हणाले, पण प्रश्न त्यांनी वहीत लिहून घेतला.

रात्री साउथसीला एका साध्या बेड-अँड-ब्रेकफास्टमध्ये राहिलो. दुसऱ्या दिवशी गाडी पार्क-अँड-राइडच्या तळावर लावली आणि तिथल्या बसने शहरात गेलो. गाडीतल्या सगळ्यांना मिळून एकच तिकीट लागतं, त्यामुळे कुटुंबाला परवडतं. जुन्या पोर्ट्समथचा तट आणि गोल बुरूज पाहायला पैसे पडत नाहीत. पायऱ्या उंच आहेत, ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर सावकाश. मी हात पुढे केला, बाबांनी तो धरला नाही आणि कठड्याला धरून एकटेच चढले. वर भरपूर वारा. खाली बंदराच्या चिंचोळ्या तोंडातून समोरच्या गॉसपोर्टची फेरीबोट जात होती.

"बाबा, सॉरी," मी म्हणाले. "तुम्ही पुन्हा पडलात आणि जवळ कोणी नसलं तर? मला झोप लागत नाही हो."

"माहीत आहे. भिंती पातळ आहेत तुझ्या घराच्या." ते कठड्याला टेकले. "पण दोन घरचा पाहुणा उपाशी, मनू."

मग इराला चिप्स हव्या झाल्या. चिप्स घेतल्या, त्यातली एक सीगलने थेट हातातून पळवली, आणि बाबा त्या पक्ष्यावर अस्सल रत्नागिरी भाषेत ओरडले. फेरीने पलीकडे जाऊन परत आलो. पाच मिनिटांचा प्रवास आहे, पण सबंध सहलीत बाबांना तोच सर्वांत आवडला.

संध्याकाळी वॉटफर्डला पोचल्यावर मी निखिलला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीची जेवणं उरकत आली होती. नेहमी मी फोन घेऊन वरच्या खोलीत जाते. या वेळी तो बाबांसमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाबा, तुम्हीच सांगा. तुम्हाला काय हवंय?"

"मला माझ्या घरी राहायचंय," बाबा म्हणाले. एवढं पटकन, की निखिलचा घास हातातच राहिला. "बाथरूमला कठडे लावून घेऊ. शेजारचे जोशी रात्री चक्कर मारतील, मी बोललोय त्यांच्याशी. आणि तुम्ही दोघं वर्षातून एकदा या. पण एकाच वेळी या. आलटून पालटून नको."

निखिलने घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "ताई, डिसेंबरची तिकिटं बघतेस?"

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. बाबांनी 'तुझ्याकडे' म्हणावं असं कुठेतरी वाटत होतं. वर्षभर आम्ही दोघांनी इतकं बोलून घेतलं, पण हा एक साधा प्रश्न मी बाबांना कधीच विचारला नव्हता. उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच.