गार झालेला काहवा

सावंतकाका कुणाच्याही घरी समोर आलेला चहा लगेच उचलत नसत. ओमानमधल्या आमच्या अझैब्याच्या घरीसुद्धा चहावर साय धरेपर्यंत तसेच बसायचे. बायको वैतागायची. काका म्हणायचे, "आधी काम सांगा, मगे च्या." मूळचे कुडाळचे. तिथल्याच गाला भागातल्या एका कंपनीत पोलीस, कोर्ट, कचेऱ्या ही सगळी कामं तेच निस्तरायचे आणि अरबी पाण्यासारखी बोलायचे. कुणा मराठी माणसाला पोलिसांचा फोन आला की तो आधी काकांना गाठायचा. काका जाऊन वर्ष झालं, तरी असा फोन आला की अजून त्यांचीच आठवण निघते.

माझ्यावर ती वेळ आली तेव्हा फोन हातातून गळून पडला. माझा धाकटा भाऊ नितीन रुसैलच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. ती मागे घेताना सईद नावाचा ओमानी तरुण खाली सापडला आणि जागीच गेला. नितीन कोठडीत. त्याचा मॅनेजर माझ्या कानात सांगून गेला, ब्रेक लागला नाही म्हणा. मला तो देवदूतच वाटला.

काका मला घेऊन नितीनला भेटायला गेले. त्यांनी एवढंच विचारलं, खरं काय झालं? फोर्कलिफ्ट मागे घेताना तो फोनवर बोलत होता. मान खाली घालून त्याने ते सांगितलं, आणि मी त्याच्यावर खेकसलो की हे कुठे बोललास तर मेलास. काकांनी मला गप्प केलं.

"भी रे झिला, पण खोटा बोला नको," ते नितीनला म्हणाले. "खोटा बोलान एखादो सुटता. पण तेका माफी कोण देतलो?"

नितीनने पोलिसांना खरं सांगून टाकलं. मी मनातल्या मनात काकांना लाखोली वाहिली. परक्या मुलखात माझ्या भावाला यांनी फासात अडकवलं, असंच तेव्हा वाटत होतं.

मग सईदच्या वडिलांकडे जायचं ठरलं. मेलेल्याच्या घरच्यांनी माफ केलं तर शिक्षा टळत नाही, पण हलकी होते. नाही केलं तर काय, हा विचारही मला सोसवत नव्हता. गाडीत काकांनी बजावलं की काहवा, म्हणजे तिकडची कॉफी, येईल, तो खाली ठेवायचा. मागणं घेऊन आलेल्याने होकार मिळाल्याशिवाय तो प्यायचा नाही, अशी तिकडची जुनी रीत.

बैठकीत खजूर आले, काहवा आला. माझ्या घशाला कोरड पडलेली, त्यात आपल्याकडे समोर आलेलं नाकारायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. हात आपोआप पेल्याकडे गेला. काकांनी मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

सईदचे वडील बराच वेळ काकांशी बोलले. मग माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं.

"इचारतत, भाव तुझो फोनवर होतो काय," काका म्हणाले. "तू सांग."

ब्रेकची गोष्ट अगदी जिभेवर आली होती.

"हो," मी म्हटलं. "होता."

काकांनी ते अरबीत सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे पुसले. मग अडखळत काहीतरी बोलला. त्यातलं मला सईदचं नाव तेवढं कळलं. मी काकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

काकांनी आपला पेला उचलला. हात इतका कापत होता की अर्धा काहवा सदऱ्यावर सांडला. इतका वेळ काकाही माझ्याइतकेच भ्यालेले होते. उरलेला त्यांनी एका घोटात संपवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पी आता."