बसूमामांचे दुसरे आकाश

बसूमामा गेल्याची बातमी मला मामींच्या फोनवरून कळली, दुपारी अडीचच्या सुमारास, बंगळूरच्या प्रयोगशाळेत. दुकानात एका मोटरीचे कॉइल भरता भरता ते बाकावर टेकले, पाणी मागितले, आणि पाणी येईपर्यंत सगळे संपले होते... मामी रडत नव्हत्या. "गौरे, नीघ. पण जपून ये. घाई करून आता काय व्हायचं न्हाय," एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर बाराव्या दिवशी हीच बातमी मला अकरा अनोळखी माणसांना द्यावी लागली. ती माणसे मामांना चांगली ओळखत होती, आणि मामांना भाची आहे हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते. हा लेख लिहायला सहा आठवडे लागले ते यामुळे. गेलेल्या माणसाविषयी कृतज्ञतेने लिहावे अशी रीत आहे. कृतज्ञता माझ्याकडे आहे. परंतु तिच्याशेजारी जे येऊन बसले आहे ते वगळले, तर ही नोंद खोटी ठरेल.

मुरुमच्या बाजारपेठेत मामांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. आसपासच्या गावांतून विहिरींच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येत, आणि मामा जुनी काळवंडलेली तार उपसून नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्याने भरत. वेढे मोजताना कोणी बोललेले त्यांना चालत नसे. गिऱ्हाईक मराठीत बोलो की कानडीत, मामा डावा हात वर करून त्याला थांबवत. आठवीत असताना आईच्या आजारपणामुळे मी वाशीहून त्यांच्याकडे राहायला आले ती दहावी होईपर्यंत राहिले. त्यांना मूलबाळ नव्हते. मला कसे वागवायचे हे त्यांना सुरुवातीला कळत नसावे, कारण पहिल्या आठवड्यात त्यांनी मला फक्त तारेची जाडी मोजायला शिकवले.

भरलेले कॉइल वार्निशात बुडवून भट्टीत वाळवावे लागते, आणि त्याला चार-पाच तास लागतात. त्या तासांत करण्यासारखे काही नसते. दुकानामागच्या खोलीत मामांचा संगणक होता आणि त्यावर ते लढाऊ विमान उडवत. वाचकांपैकी अनेकांना हा पोरखेळ वाटेल. परंतु हे सिम्युलेटर म्हणजे नुसती गोळीबाराची करमणूक नव्हती. त्यातले विमान खऱ्या विमानासारखेच वागे: वेग कमी असताना नाक फार वर उचलले तर ते हवेतून कोसळे, तीव्र वळण घेतले तर वेग गमावी, इंधन संपले तर शेतात उतरवावे लागे. विमान वळवायचा हातातला दांडा मामांनी सोलापुरातल्या जुन्या बाजारातून आणला होता, आणि पायाखालचे पॅडल त्यांनी शिलाई मशीनच्या पायाच्या पट्टीपासून स्वतः बनवले होते. त्यावर पाय दाबला की मशीनचाच आवाज येई, आणि मामी आतून ओरडत, "काय शिवायलाव गं मामा-भाची?"

संगणक एक आणि आम्ही दोघे, म्हणून आम्ही एकच विमान दोघांत वाटून घेतले. दांडा आणि पॅडल मामांकडे, कळफलक माझ्याकडे. त्यावरची एक कळ दाबली की वैमानिकाची मान वळून मागचे आकाश दिसे. लढाईत माणूस मरतो तो बहुधा मागून आलेल्या विमानामुळे, म्हणून ती कळ सर्वांत महत्त्वाची, आणि ती माझी. मामा दर थोड्या वेळाने विचारत, "मागं?" मी कळ दाबून बघे आणि सांगे, "मोकळं!" मोकळे नसले की ओरडे, "उजवीकडून एक यायलाय, मामा!" तीन वर्षे आम्ही असेच उडालो. शत्रूची विमाने संगणकच चालवत असे, आणि कोणते विमान कसे वळते याची मी वहीत नोंद ठेवली होती. बहुतेक जण दोनदा डावीकडे वळत आणि मग सरळ वर चढत. चढताना त्यांचा वेग संपे आणि ते आमच्या पुढ्यात लटकत. एक मात्र कायम पळ काढी. त्याला मामांनी आपल्या एका गिऱ्हाइकाचे नाव दिले होते. "पळाला बघ गुंडप्पा. मोटर न्यायला येतो आन् पैशाचं नाव काढलं की असाच वळतो."

या प्रकारच्या उड्डाणाची एक सोय होती: ते थांबवता येई. मामा भट्टी बघायला उठले की आकाश जागच्या जागी थांबे, गोळ्या हवेत लटकून राहत, आणि परत येऊन ते विचारत, "कुठं हुतो आपण?" इंटरनेटवरून इतर माणसांशी जोडून घेतलेल्या खेळात हे शक्य नसते. तिथे समोरच्या विमानात कुठल्या तरी गावचा, देशाचा खरा माणूस बसलेला असतो. तो वहीतल्या नोंदीप्रमाणे वळत नाही आणि तुमच्या भट्टीसाठी थांबत नाही. मी अभियांत्रिकीला पुण्याला गेले तेव्हा मला त्याचेच आकर्षण वाटत होते. मामा मुरुमला, मी पुण्यात, आणि तरी एकाच आकाशात दोन विमाने... पहिल्याच दिवाळीला मी हा बेत घेऊन मुरुमला आले.

त्या दिवाळीची आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. दुकानात तीन-चार शेतकरी बसले होते आणि मामा त्यांना कौतुकाने माझ्या शिक्षणाविषयी सांगत होते. बोलण्याच्या ओघात विमान हवेतून का कोसळते हे त्यांनी समजावले. मी महिनाभरापूर्वीच ते नीट शिकले होते. मी म्हणाले, "मामा, असं नसतं ते. तुम्ही शिकवलेलं चुकीचं होतं," आणि खडूने जमिनीवर पंखाची आकृती काढून पाच मिनिटे समजावले. एक जण हसत म्हणाला, "बसप्पा, घरचीच मास्तरीण झाली की तुला!" मामाही हसले. संध्याकाळी मी इंटरनेटवरून एकत्र उडण्याचा विषय काढला तेव्हा त्यांनी तारेचे रीळ हातात फिरवत म्हटले, "म्या तसलं खेळत न्हाय, गौराक्का. मशीनवर कितीबी गोळ्या घाल. समोर माणूस असला तर हात उचलू नये. खेळात बी."

मी अठरा वर्षांची होते. ते वाक्य मी तत्त्व म्हणून स्वीकारले. वसतिगृहातल्या मुलांचा एक चमू इंटरनेटवरच्या हवाई लढायांच्या स्पर्धांत उतरत असे. त्यांनी मला बोलावले आणि मी नकार दिला. कारण सांगितले तेव्हा त्यांनी महिनाभर माझी टिंगल केली. पुढे बंगळूरला माझ्या मार्गदर्शकांनी लढाऊ वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठीच्या सिम्युलेटरचा प्रकल्प माझ्यासमोर ठेवला. माझ्या वयाच्या संशोधकाला अशी संधी सहसा मिळत नाही. मी दोन रात्री विचार केला आणि नाही म्हटले. माझ्या जागी आलेल्या मैत्रिणीचे नाव आज त्या प्रकल्पावर आहे. मला त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता, कारण मला वाटे की मुरुमच्या एका मागच्या खोलीत एक माणूस हेच तत्त्व पाळत एकटा उडतो आहे.

शेवटची भेट संक्रांतीची. मामा थकलेले दिसत होते. तिळगूळ देताना त्यांनी विचारले, "उडतीस का गं अजून?"

"कुणाबरोबर उडू? तुम्ही?"

"आता कुठलं..." ते म्हणाले, आणि भट्टी बघायला उठले. भट्टी त्या दिवशी लावलेलीच नव्हती. हे मला तेव्हाही दिसले होते.

दिवसकार्य आटोपल्यावर मामींना मामांचा एक बरा फोटो हवा होता, आणि तो संगणकात असेल म्हणून मी मागच्या खोलीत गेले. संगणक सुरू होताच एक खिडकी आपोआप उघडली. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजीत संदेशांची रांग होती. "काका, रविवारी का आला नाहीत?" "काका, तब्येत बरी ना?" "काका, तुमची जागा मोकळी ठेवली आहे." वर मामांच्या खात्याची माहिती होती. ते खाते सहा वर्षांपूर्वी उघडलेले होते, मी पुण्याला गेले त्याच जूनमध्ये. म्हणजे दिवाळीत रीळ फिरवत ते मला तत्त्व सांगत होते तेव्हा चार महिन्यांपासून ते माणसांशी लढत होते.

संदेश लिहिणाऱ्यांत मिरजेचा अनिल नावाचा एक जण होता. त्याचे स्टेशनरीचे दुकान आहे. मी मामांचा हेडफोन कानाला लावून त्याला हाक दिली. बातमी सांगितली. मग त्याने विचारले, "तुम्ही कोण म्हणालात?"

"भाची."

"काकांना भाची आहे?"

हा प्रश्न त्याने निरागसपणे विचारला. त्याला मामींच्या हातचा चिवडा माहीत होता, कारण बोलताना मामा तो खात. मामांची गुडघेदुखी माहीत होती, भट्टी माहीत होती, गुंडप्पासुद्धा माहीत होता. "पाच वर्षं झाली, ताई. दर रविवारी दुपारी तीनला," तो म्हणाला. दर रविवारी दुपारी मी केलेला फोन मामा उचलत नसत. संध्याकाळी सांगत, भट्टीपाशी हुतो. "आणि खरं सांगू? आमच्यात सगळ्यात वाईट पायलट काकाच. मागं बघायचेच नाहीत हो! कितीदा सांगितलं, काका, मान फिरवा, ती कळ दाबा. दर वेळी शेपटीवर गोळ्या खायचे आणि हसायचे. म्हणायचे, सवय न्हाय. शेवटी आम्ही त्यांना पुढंच सोडायला लागलो, आमिष म्हणून. शत्रू त्यांच्या मागं लागला की आम्ही शत्रूच्या मागं."

"सवय का नाही, ते कधी बोलले?"

"नाही, ताई. तुम्हाला माहितीये का?"

मी त्याला सांगितले नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल की यातच मामांचे प्रेम दिसते. पाच वर्षे ते आपल्यामागे कोणी बघणारे आहे अशा थाटात उडत राहिले. मीही एक संध्याकाळ असे मानून पाहिले. ते टिकले नाही. मागे बघणारी होती. ती पुण्यात होती, बंगळूरला होती, आणि तिने स्वतःहून विचारले होते. एक वाक्य पुरले असते. त्याऐवजी त्यांनी मला असे वाक्य दिले की मी पुन्हा विचारणारच नाही. मी कारणे मांडून पाहिली. दुकानात मी त्यांना सर्वांसमक्ष दुरुस्त केले, आणि माणसांशी लढताना आपण हरतो हे मला दिसू नये असे त्यांना वाटले असेल. किंवा कोणाचाही मामा आणि कोणाचाही गुरू नसण्याची जागा त्यांना हवी असेल. किंवा ते वाक्य सहज तोंडातून निघाले, मी ते उराशी धरले आहे हे त्यांच्या लक्षात आले, आणि मग मागे घेता आले नाही... पुरावा कोणत्याच बाजूला पुरेसा नाही, आणि ज्याला विचारायचे तो माणूस नाही. त्या सोडलेल्या प्रकल्पाविषयी मी मामांना फोनवर सांगितले होते. ते फक्त म्हणाले होते, "तुला पटलं न्हवं? मग होगली बिडु, जाऊ दे." तेव्हा तरी त्यांनी सांगायला हवे होते. त्या एका क्षणासाठी मी त्यांना अजून क्षमा करू शकलेले नाही.

अनिलच्या चमूने मामांसाठी एक रांगेतले उड्डाण केले. मामांच्या जागी मी उडावे असे त्यांचे म्हणणे होते. मी नकार दिला. त्यांची ओळख असलेल्या माणसाची जागा घ्यायला तो माणूस माझ्या ओळखीचा तरी असायला हवा होता. मात्र बंगळूरला परतल्यावर मी स्वतःचे खाते उघडले, पहिल्यांदाच माणसांविरुद्ध उडाले, आणि दोन मिनिटांच्या आत पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी, का ते सांगता येणार नाही, मी मामांच्या नावाला मैत्रीची विनंती पाठवली.

गेल्या आठवड्यात दुकान आवरायला मुरुमला गेले. शिल्लक मोटरी ज्याच्या त्याच्या घरी पोहोचवल्या. मामी म्हणाल्या, संगणक तेवढा बघून घे, पुसून ठेवलाय. मी सुरू केला. मामांच्या पडद्यावर मधोमध एक चौकट होती. त्यात माझे नाव होते आणि खाली दोन बटणे: स्वीकारा, नाकारा.

मामी दारात उभ्या होत्या. "काय म्हणायलंय ते?"

"कुणीतरी मामांना विचारलंय, माझ्यासोबत उडता का म्हणून."

"कोण?"

"मी."

मामींनी पदराने पडद्यावरची नसलेली धूळ पुसली. "मग दाब की. व्हय म्हण. त्यांनी काय न्हाय म्हणलं असतं का तुला?"

तेवढेच तर मला माहीत नव्हते. बोट बटणावर होते. एवढ्याने त्यांच्या मित्रांच्या यादीत माझे नाव बाराव्या जागी आले असते, कायमचे, आणि पाहणाऱ्याला वाटले असते की मामांनीच घेतले. मी हात मागे घेतला. मामींना सांगितले की संगणक इथेच राहू द्या, विकू नका, मला बंगळूरला नको. त्या म्हणाल्या, "मग ते विचारलेलं?"

"राहू दे तसंच," मी म्हणाले आणि खोलीचा दिवा घालवला. चौकटीच्या उजेडात मामांची खुर्ची थोडा वेळ दिसत राहिली.