बंडप्पाचे पाठीमागचे हात

सरकारी दवाखाना उघडला त्या साली हैदराबादेहून डॉक्टर गिरिधर प्रसाद आले आणि त्यांच्याबरोबर मेणकापडाचा एक नकाशा आला. नळदुर्गाहून उमरग्याला जाणाऱ्या वाटेवरच्या त्या गावाला तोवर नकाशा म्हणजे जमिनीचाच ठाऊक होता. या नकाशात मात्र कातडी नसलेला एक लालभडक माणूस उभा होता. गावानं दोन दिवस रांग लावून त्याला पाहिलं.

"काय गुन्हा केला असंल बिचाऱ्यानं?" एकीनं विचारलं.

"सरकारी हाय म्हणल्यावर गुन्हा कशाला लागतो," दुसरी म्हणाली.

बंडप्पा तेली त्या माणसापुढं बराच वेळ उभा राहिला. सकाळी घाण्यावर करडई गाळायची आणि दुपारी त्याच तेलानं ओट्यावर लोकांची अंगं चोळायची, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. कुणाची कंबर लचकलेली, कुणाची मान धरलेली. अक्षर त्याला एकही येत नव्हतं. आजवर बोटांनी कातडीवरून जे चाचपलं, ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होतं. "वळखीचं हाय समदं," एवढंच म्हणून तो घाण्याकडं परतला.

चोळताना तो बोलत असे. सुतळीचा तुकडा उसवून दाखवी. "ह्या सुतळीत सूत, सुतात तंतू. मांस बी असंच. तंतूंची जुडी, जुड्यांची मोठी जुडी, वर पापुद्रा, आन् टोकांना चिवट दोरी, हाडाला बांधलेली. मांसाला एकच काम येतं, ओढायचं. ढकलायला येत न्हाय. हात वाकवतो तो दंडाचा पुढला, सरळ करतो तो मागला. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सोडायचं. दोघं बी ओढाया लागले की माणूस माझ्याकडं येतो."

मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून तो म्हणे, "आखडतं तवा मांस कमी होत न्हाय. आतल्या आत शिरतं." तंतूच्या आत जाड आणि बारीक धाग्यांच्या रांगा असतात, आणि आखडताना कोणताच धागा तोकडा होत नाही, रांगा फक्त एकमेकींत सरकतात, हे शास्त्राला आणखी दहा-बारा वर्षांनी उमगायचं होतं. शास्त्राची घाई कुणालाच नव्हती. घाई होती ती कचेरीला.

सनद नसलेल्यानं इलाज करू नये, असा हुकूम निघाला. सनदेसाठी उर्दूत परीक्षा ठेवली. डॉक्टरांनी नकाशातल्या माणसाच्या दंडावर छडी टेकवली. "इसका नाम?"

बंडप्पानं स्वतःचा हात वाकवून वर आलेला गोळा दाखवला. "ह्यो वाकवतो, साहेब."

"काम नहीं, नाम पूछा."

"त्याला कदी हाक मारायची येळ आली न्हाय."

पंच म्हणून कापडाचे व्यापारी महालिंगप्पा बसले होते. दवाखान्याला जागा त्यांचीच होती. नापास ठरवणाऱ्या कागदावर पहिली सही त्यांनी केली. सनदेवाचून कोणाच्याही शरीराला हात लावल्यास तीन महिने कैद आणि घाणा जप्त, असं खाली लिहिलं होतं.

त्या दिवसापासून बंडप्पा हात पाठीमागं बांधून चालू लागला. "जेवताना तरी पुढं घ्या," त्याची बायको शिवम्मा म्हणाली, "का तोंड बी शरीरात येतं?"

पुढच्या वैशाखात, पहाटे, महालिंगप्पांची आई रुद्रम्मा वारली.

लिंगायतांत मेलेल्याला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच समाधीत उतरवतात. म्हणून मयत झालं की रडणाऱ्यांच्याही आधी बंडप्पाला बोलावणं जाई. अंग सैल आहे तोवर तो गुडघे वळवी, पाठ टेकवी, फडक्यानं हनुवटी बांधी. पण या वेळी महालिंगप्पांना स्वतःची सही आठवली. त्यांनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं. डॉक्टर बैठकीसाठी उमरग्याला गेले होते. ते चार वाजता आले, तेव्हा रुद्रम्मा ओंडक्यासारखी ताठ झाली होती.

विधीला आलेले जंगम स्वामी म्हणाले, "निजलेली मी उतरवणार न्हाय."

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. या ताठरण्याला काय म्हणतात ते त्यांनी तीन भाषांत सांगितलं. गुडघा कोणत्याच भाषेत वाकला नाही.

महालिंगप्पा अंगणात आले. कोपऱ्यात, हात पाठीशी, बंडप्पा उभा होता.

"बंडप्पा, आई अशीच जाणार का रे?"

"न्हाय अण्णा. उद्या दुपारपोत्तर थांबा. जोर करू नका, शिरा तुटतील." तो हळू बोलत होता. "मांसाला धरायला जोर लागतो हे समद्यास्नी दिसतं. सोडायला बी लागतो. मेल्यावर तो कुठला? म्हणून धरलेलं तसंच ऱ्हातं. उन्हाचे दिस हायेत, उद्या आपोआप सुटंल. सुटलं की लगेच बसवाया पायजे."

डॉक्टर उंबऱ्यात थबकले. "किताब में भी यही है," ते पुटपुटले.

"मग उद्या तूच बसव," महालिंगप्पा म्हणाले.

"तुमची सही हाय अण्णा. माझा घाणा हाय."

तेव्हा महालिंगप्पांनी तालुक्याला स्वार पाठवून अर्ज केला: मयताच्या शरीराला शरीर समजावं काय? रात्रभर पाहुणे ओसरीवर ताटकळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. बाब विचाराधीन आहे, खुलासा वरून मागवला आहे, तोवर शरीर आहे त्या स्थितीत ठेवावं.

पण रुद्रम्माला सरकारी पत्रव्यवहाराची सवय नव्हती. उत्तर वाचून होईतो तिचा जबडा सैल पडला होता, मागोमाग मान, आणि शेवटी गुडघे.

बंडप्पा दारात उभा राहून पाहत होता. थोड्या वेळानं उन्हानं अंग नासू लागणार आणि फार उशीर होणार, हे त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. याच म्हातारीनं त्याच्या लग्नात शिवम्माला हळद लावली होती. त्यानं हात पाठीमागून पुढं घेतले. आत जाऊन दार लोटलं. तेलाचा वास तेवढा बाहेर आला. दार उघडलं तेव्हा रुद्रम्मा मांडी घालून भिंतीला टेकून बसली होती, दुपारची झोप नुकतीच उडाल्यासारखी.

संध्याकाळी, समाधी झाल्यावर, कचेरीचा कारकून पंचनाम्याला आला. "मयताला बसवलं कुणी?"

बंडप्पानं तोंड उघडलं, तेवढ्यात महालिंगप्पा खाकरले. "आपली आपण बसली."

"मेलेली बाई?"

"आमची आई लई कायद्यानं वागणारी. कुणावर बालंट येऊ दिलं न्हाय तिनं."

कारकुनानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी बंडप्पाच्या हातांकडं पाहिलं. बोटं अजून तेलकट होती. "लिखो," ते म्हणाले. "मैं सही करता हूँ."

तसं लिहिलं गेलं. हुकुमाला धक्का न लावणारं तेवढंच एक उत्तर होतं. पहिली सही पुन्हा महालिंगप्पांनी केली, आणि बंडप्पा हात मोकळे सोडून घाण्याकडं निघाला.