लग्नाहून आणलेली केळीची पिलं

माझ्या ललितला कोणालाही नाही म्हणता येत नाही. शनवाऱ्याच्या बाजारातून भाजी आणायला पाठवलं तर दोन तासांनी घरी येतो. वाटेत कोणाची मोटर बघितलेली असते, कोणाला स्टेशनवर सोडलेलं असतं. बारावीनंतर तो शेतात ठिबकच्या नळ्या बसवायला शिकला. हात चांगला, म्हणून कंपनीने त्याला आठ महिन्यांसाठी मोझांबिकला पाठवलं.

तिथे सोबत काम करणाऱ्या अल्बर्टोशी त्याची दोस्ती झाली. एप्रिलमध्ये अल्बर्टोचं लग्न ठरलं, गाव दोन दिवसांच्या वाटेवर. मी म्हटलं, "अनोळखी मुलूख आहे, जाऊ नको."

"मम्मी, त्यानं माझ्या एकट्यासाठी बिनमटणाचं जेवण सांगितलंय. नाही कसं म्हणू?"

तो गेला. आधी बस, मग ट्रकच्या मागे बसून. मला रस्त्याची भीती, तापाची भीती, लुटारूंची भीती. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. लग्नाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीचे खांब रोवलेले. "बघ, आपल्यासारखंच!" तो हसत होता. मी मात्र त्याच्या मागची बाग बघत राहिले. खालची पानं पिवळी होऊन खोडाभोवती मोडून लटकलेली. एखाददुसऱ्या झाडाची नाही, ओळीच्या ओळी.

मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलंय, आणि आमचं घर तीस वर्षं केळीवर चाललंय. ही मर रोगाची खूण, आणि तो बुटाला लागलेल्या मातीतून, वाहत्या पाण्यातूनही येतो. एकदा जमिनीत शिरला की पुढची कित्येक वर्षं तिथे केळी घेता येत नाही. मी लगेच फोन लावला.

"ललित, बूट तिथेच टाक. त्या बागेतलं काहीही आणू नको."

"लोक लग्नात नवरी बघतात, तू केळी बघून राह्यली!"

"हसू नको."

"बरं बाई, टाकतो."

जूनमध्ये तो आला. पायात खरंच नवे बूट होते. मला हायसं वाटलं.

ऑगस्टमध्ये विहिरीजवळच्या कोपऱ्यात मला एक केळ वेगळी दिसली, लालसर देठाची. "ही कुठली?" मी विचारलं. ललितचे पप्पा मधुकर म्हणाले, "आली असेल अशीच." ते खोटं बोलतात तेव्हा वर बघत नाहीत.

मग ललितने सांगितलं. अल्बर्टोच्या आईने झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल स्वतः खणून, ललितच्या पप्पांसाठी म्हणून कापडात बांधून दिलं होतं. "म्हातारीच्या हातून घेतलेलं कसं फेकू, मम्मी?" धुऊन, मोज्यात गुंडाळून त्याने ते बॅगेतून आणलं होतं.

मी कुदळ घेतली. कंद खणून आडवा कापला. आत मर रोगाचं तपकिरी ठिपक्यांचं कडं होतं.

"कोणाला सांगू नको," मधुकर म्हणाले. "आपल्या मालाला व्यापारी उभा राहणार नाही."

"एकच आणलं होतं ना?" मी ललितला विचारलं. तो कुदळ उचलून ठेवायला निघाला.

"ललित!"

"दोन. सुपडूकाका विचारून राह्यले होते, माझ्यासाठी काय आणलं म्हणून. एक त्यांना दिलं."

सुपडूभाऊंचं शेत आमच्या वरच्या अंगाला. त्यांच्या बांधावरचं पाणी आमच्यात उतरतं आणि पुढे नाल्याने खालच्या इच्छापूर गावाकडे जातं. आम्ही गेलो तेव्हा ठिबक चालू होतं. त्यांना दिलेली केळ कमरेएवढी झालेली, हिरवीगार.

"वा वहिनी! देऊन परत मागता? तुमची लागली नाही म्हणून माझी उपटता का?"

"काका, आमच्या कंदात रोग निघाला," ललित म्हणाला.

"तुमच्या ना? माझी बघ कशी टरारून आली."

ललितने वाकून ठिबकचा कॉक बंद केला. सुपडूभाऊंनी उघडला. ललितने पुन्हा बंद करून वर हात ठेवला. "नाही, काका."

"निघ माझ्या वावरातून," ते म्हणाले, आणि त्यांनी त्याचा हात झटकला.

दुसऱ्या दिवशी ललित शेतकी ऑफिसात गेला आणि दोन्ही शेतांची नावं लिहून आला, आमचं आधी. गुरुवारी माणसं माती न्यायला येणार आहेत. तेव्हापासून मधुकर त्याच्याशी बोलत नाहीत. सुपडूभाऊंचं ठिबक रोज चालू असतं.

काल आमच्या तिसऱ्या ओळीत एका झाडाचं खालचं पान कडेने पिवळं दिसलं. पाणी कमी पडलं असेल, असं मी म्हटलं.  ललितने चपला बांधावर काढल्या आणि त्या ओळीची नळी कापायला गेला.