न्यूट्रॉन ताऱ्यातला करंट शोधायला: नाशिक रोड ते खोडद

"दाजी, प्रश्न मी विचारला ना? मग उत्तर आनायलाबी मीच नेतो. शनिवारी सहाला तयार राहा. आन् ताईलाबी घ्या."

एवढं बोलून दत्तूने फोन ठेवला. दत्तू म्हणजे माझा मेहुणा. निफाडजवळ त्याची द्राक्षबाग आहे, आणि हे दिवस खुड्याचे, म्हणजे द्राक्षं उतरवायचे. अशा दिवसांत बागाईतदार सख्ख्या नात्यातल्या लग्नालासुद्धा उभ्या उभ्या जाऊन येतो. हा गडी अख्खा दिवस द्यायला निघाला होता, तोही एका ताऱ्यासाठी. म्हणून आधी तो प्रश्न काय होता ते सांगतो.

नाशिक रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारींमधली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. शिक्षण दहावी. खगोलशास्त्र मी स्वतः शिकलो, शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचली, सहा इंची दुर्बिणीचा आरसा हाताने घासून तयार केला. हे सांगताना मी संकोच करत नाही. दर रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लागायची, वीस-पंचवीस माणसं जमायची, प्रश्न विचारायची. मी उत्तरं द्यायचो, आणि अंदाजपंचे काही सांगायचं नाही हा माझा नियम.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी न्यूट्रॉन ताऱ्यांवर बोलत होतो. प्रचंड तारा मरतो, त्याचा गाभा स्वतःच्या वजनाने चिरडला जातो, उरतो तो जवळजवळ निव्वळ न्यूट्रॉनचा गोळा. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. आणि या गोळ्याचं चुंबकत्व पृथ्वीच्या लाखो कोटी पट. पाहुणा म्हणून आलेला दत्तू मागून म्हणाला, "दाजी, माझी विहिरीवरची मोटार जळाली तवा तुमीच म्हनाले व्हते, तारेत करंट नाय तर लोखंड नुसतं लोखंड. मग तुमच्या ताऱ्यात भारच नाय, तर करंट कुठून आला? कनेक्शन कोनी दिलं?"

गच्ची खदखदून हसली. मीही हसलो, पण रात्रभर तळमळलो. मूळ ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र आवळलं जातं आणि तीव्र होतं, एवढं मी वाचलं होतं. पण आवळलेलं क्षेत्र धरून कोण ठेवतं? तीस वर्षं मोटारी भरणाऱ्या माणसाला हे कधी खटकलं नाही? पुढच्या रविवारी मी दुर्बिणीवर जुनी चादर टाकली आणि सांगितलं, उत्तर मिळाल्याशिवाय गच्ची बंद.

ती बंदच राहिली. सुनंदा, माझी बायको, दर रविवारी चार वाजता त्या चादरीकडे बघायची. "अहो, झाकलेलं काही घरात बरं दिसत नाही," एवढंच म्हणायची. लोकांनी आधी विचारलं, मग विचारायचं सोडलं. हे दुसरं जास्त लागलं.

आणि मग दत्तूचा फोन. नारायणगावजवळ खोडदला ज्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, त्या विज्ञान दिनाच्या सुमारास सगळ्यांना बघायला खुल्या असतात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

जाणाऱ्यांसाठी रस्ता लिहून ठेवतो. नाशिक-पुणे महामार्ग धरायचा. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, घारगाव, आळेफाटा, नारायणगाव. तिथून डावीकडे वळून खोडदचा रस्ता. नाशिक रोडहून तीन तास धरा. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. डिझेल आणि टोल मिळून आम्हाला दोन-अडीच हजारांच्या दरम्यान खर्च आला. खोडदला खाण्याची भरवशाची सोय धरू नका, डबा न्या. सुनंदाने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतलं होतं.

दत्तूच्या पिकअपमध्ये पुढे आम्ही तिघे. गिअर टाकताना दर वेळी माझा गुडघा बाजूला. शिंद्याचा टोलनाका गेला आणि दत्तूने सुरुवात केली.

"दाजी, तारा जळतो म्हंता, मग तिकडं हवा कुठंय जळायला?"

"जळत नाही. आपण जळतो म्हणतो ते चूक. हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम होतो, त्यातून ऊर्जा निघते. त्याला हवा लागत नाही."

"मग एकदम फुटत का नाय?"

"वरचं वजन आत दाबतं, आतली उष्णता बाहेर ढकलते. दोन्ही सारखे, म्हणून तारा उभा. गाभ्यात लोखंड तयार झालं की संपलं. लोखंड मिसळून ऊर्जा सुटत नाही, उलट लागते. आतला जोर गेला की गाभा सेकंदाच्या आत कोसळतो."

"आन् आपला सूर्य?"

"तो तेवढा जड नाही. त्याचा पांढरा बटू होणार. न्यूट्रॉन तारा नाही."

"गरीब घरचा," दत्तू म्हणाला.

सिन्नरचा बायपास आला तेव्हा मी सांगितलं, आपण नाशिक रोड सोडल्यापासून वीसेक किलोमीटर आलो. न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास एवढाच. वजन मात्र सूर्याहून जास्त. एका चमच्यात शे-दोनशे कोटी टन. दत्तूने मागे बघितलं, जणू रस्त्याचंच वजन करत होता. "आमच्या द्राक्षाच्या क्यारेटमधी भरला तर?"

"भरता येणार नाही. चमचाभर बाहेर काढलास तर तो तसा राहणारच नाही. वरचा दाब गेला की स्फोट होऊन पसरेल. पुस्तकवाले हे सांगत नाहीत."

"आणि एवढा गरगर फिरतो कशाने?" सुनंदाने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तिनेच उत्तर दिलं, "फुगडीसारखं का? हात लांब असले की फुगडी हळू, जवळ ओढून घेतलं की भिंगरी."

अगदी तेच. अवाढव्य गाभा आक्रसून वीस किलोमीटरचा होतो, म्हणून वेग वाढतो. इतकी वर्षं मी खुर्चीवर बसून वजनं हातात धरून फिरायचं उदाहरण देत होतो. फुगडी त्याहून सरस आहे. आता तीच वापरतो, आणि कुणाची आहे तेही सांगतो.

चंदनापुरी घाट आता पूर्वीसारखा अंगावर येत नाही, रुंद झालाय. घाट उतरून एका टपरीवर चहा घेतला. नारायणगावला वळलो आणि काही वेळाने उसाच्या नि कांद्याच्या वावरांमागून पहिली तबकडी दिसली. दत्तूने गाडी आपोआप हळू केली.

पंचेचाळीस मीटर व्यास. अशा तीस तबकड्या, काही इथे जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर लांब. फोटोत त्या भरीव वाटतात, पण आरपार आभाळ दिसतं. बारीक तारेची जाळी आहे. वारा आरपार जातो, आणि रेडिओ लहरी जाळीच्या भोकांहून खूप लांब असल्यामुळे परावर्तित होतात. एका टेबलावर जाळीचा तुकडा मांडला होता. बोटांत धरला आणि म्हटलं, चोवीस गेज. शेजारच्या फलकावर जाडी लिहिली होती, अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर. म्हणजे चोवीस गेजच. तारेच्या बाबतीत माझी बोटं चुकत नाहीत.

फाटकावरच सांगतात, मोबाईल बंद करा. या तबकड्यांच्या कानाला आपला एक फोन म्हणजे ढोलताशा. मी आणि सुनंदाने लगेच बंद केले. दत्तू मात्र फोन हातात धरून उभा. त्याच्या बागेत थ्री-फेज लाईट येते ती वाटेल त्या वेळी. आली की त्याच्या फोनवर मेसेज येतो, आणि तो फोनवरूनच विहिरीवरची मोटार चालू करतो. फोन बंद म्हणजे बागेचं पाणी रामभरोसे.

"दत्ता, तू बाहेर थांब हवं तर," सुनंदा म्हणाली.

"एवढ्या लांब डायवर म्हनून आलोय का?" त्याने फोन बंद करून खिशात टाकला. तिथल्या तिथे त्याचे आभार मानायला हवे होते.

आत शाळेच्या मुलांची ही गर्दी. एका मंडपात संशोधन करणारी एक तरुण मुलगी, डोक्यावर टोपी, घसा बसलेला, पल्सरबद्दल सांगत होती. पल्सर म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ लहरींचा झोत निघतो, आणि तो दर फेरीला एकदा आपल्यावरून फिरतो. तिने एक आवाज ऐकवला. म्हणजे रेडिओ संकेताचं केलेलं आवाजात रूपांतर, कारण अवकाशातून आवाज येत नाही. टरटरटरटर.

"दाजी, बेअरिंग गेलंय," दत्तू कुजबुजला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सहाशे-सातशे आरपीएम."

मुलीने वर बघितलं. "सेकंदाला अकरा फेऱ्यांहून थोडं जास्त. म्हणजे मिनिटाला सहाशे साठच्या वर. बरोबर आहे, काका!"

विचारायची हीच वेळ होती. मी विचारलं नाही. मंडपाबाहेर येऊन पाणी प्यालो. परत आत गेलो, मुलांच्या मागे उभा राहिलो, परत बाहेर आलो. खरं कारण लिहितो. मला भीती होती की ती विचारेल, तुमचं शिक्षण काय. आणि त्याहून मोठी भीती, की प्रश्नच बावळट निघेल, आणि मग चादर कायमची.

तिसऱ्यांदा बाहेर आलो तेव्हा सुनंदा डबा घेऊन झाडाखाली बसली होती. "झालं विचारून?"

"गर्दी आहे."

"गर्दी आपल्या गच्चीवरही असायची." तिने डबा उघडलाच नाही. तेवढ्यात आतून दत्तूचा आवाज आला. शेतातल्या पंपांच्या आवाजावर बोलायची सवय असलेला तो आवाज अख्ख्या मंडपाने ऐकला. "म्याडम, आमच्या दाजींचा एक प्रश्न हाय. त्येच्यापायी त्यांनी तीन म्हैने दुर्बीण झाकून ठेवलीय!"

आता पळायला जागा नव्हती. मी आत जाऊन विचारलं. न्यूट्रॉनवर भार नाही, तर चुंबकत्व टिकवणारा करंट वाहतो कशातून?

मुलगी हसली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही काय करता?"

"मोटार रिवाइंडिंग."

"अरे वा, मग तुम्हाला सांगणं सोपं आहे."

इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. न्यूट्रॉन तारा हे नाव बहुमताचं आहे. न्यूट्रॉन एकटा असला तर पाव तासात मोडतो, त्यातून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन निघतात. ताऱ्याच्या आत इलेक्ट्रॉनना जागाच उरलेली नसते, म्हणून हे मोडणं थांबतं, पण सगळंच थांबत नाही. शंभरात काही मोजके प्रोटॉन आणि तितकेच इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. करंट वाहतो तो त्यांच्यातून.

"म्हंजी द्राक्षाचा मनी," दत्तू म्हणाला. "आत समदं पानीच. पर भाव ठरतो साखरंवर."

"बरोबर!" ती म्हणाली.

"आणि रेझिस्टन्स?" मी विचारलं.

"नसल्यात जमा."

मग मला पुढचं दिसायला लागलं. कॉइलची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली आणि सप्लाय काढून घेतला, तर आमच्या दुकानात करंट क्षणात मरतो, कारण तांब्याला रेझिस्टन्स आहे. तोच नसेल तर? "तर तो फिरतच राहणार," मी म्हटलं.

"लाखो वर्षं. कनेक्शन कुणी द्यावं लागत नाही. मूळ ताऱ्याचं क्षेत्र आवळलं गेलं, आणि या करंटने ते धरून ठेवलं. आता तोच चुंबक ताऱ्याला ब्रेक लावतो, म्हणून पल्सर हळूहळू मंदावतात." मग जरा थांबून म्हणाली, "पण काही ताऱ्यांचं क्षेत्र नुसतं आवळून होईल त्याच्याही पुढचं आहे. ते नेमकं कसं तयार झालं यावर अजून वाद आहेत. आम्हालाही पूर्ण माहीत नाही."

हे शेवटचं वाक्य ती इतक्या सहज बोलली, की मी बघतच राहिलो. मागे शाळेची पुढची रांग खोळंबली होती. मी हात जोडले, तिनेही जोडले. झाडाखाली दशम्या खाल्ल्या. दह्याला किंचित आंबूस चव आली होती. मला ते सगळं फार चांगलं लागलं.

फाटकाबाहेर दत्तूने फोन चालू केला. बायकोच्या सात मिस्ड कॉलचे मेसेज. त्याने घाईने लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "लाईट आली व्हती. तुमचा फोन लागंना, म्हनून मीच विहिरीवर जाऊन मोटार चालू केली. तारा सापडला का?"

"सापडला. करंटबी सापडला."

परतताना नारायणगावला मसाला दूध प्यालो. ते चुकवू नका. तिथे मी दत्तूला म्हटलं, "आज तू फोन बंद केलास, खुडा सोडून आलास…"

"राहू द्या दाजी. आभार मानायचे तर पुढल्या वेळी रिवाइंडिंगच्या बिलात माना."

बिलात मानणारच आहे. पण इथेही लिहून ठेवतो. दत्तूचे आभार, त्याच्या बायकोचे आभार, घसा बसूनही समजावून सांगणाऱ्या त्या मुलीचे आभार, आणि न उघडलेल्या डब्याचे.

या रविवारी गच्ची पुन्हा भरली. दत्तू द्राक्षांची क्रेट घेऊन निफाडहून आला. मी सुरुवातच त्याच्या प्रश्नाने केली, मोडणारा न्यूट्रॉन, उरलेले प्रोटॉन, साखर, रेझिस्टन्स, सगळं सांगितलं. मग मृगातला तांबडा तारा दाखवला. तो कधीतरी असाच कोसळेल, आणि बहुधा न्यूट्रॉन तारा मागे ठेवेल. "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम वापरला.

सगळ्यांचा तारा बघून झाल्यावर मागून आवाज आला, "दाजी, समदं पटलं. पर ते जास्तीच्या ताकदीचे तारे म्हनाली ना म्याडम, त्यांच्यात एवढा करंट पयला सोडला कोनी?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"मग टाका परत चादर!"

गच्ची हसली. मी सवयीने दुर्बिणीच्या आसपास बघितलं. चादर तिथे नव्हती.

"ती गेली," सुनंदा द्राक्षं वाटता वाटता म्हणाली. "दुकानात ग्रीस पुसायला तुकडे केलेत मी तिचे."