त्याच्या वाटचे जेवण

वसईला मी चर्च पाहायला गेलो नव्हतो. मित्राने बोलावले म्हणून गेलो. चर्च त्याने दाखवली आणि जेवणही त्यानेच मागवले. ते मी का जेवायचे, हे त्याने फोनवरच सांगून टाकले होते.

आम्ही दोघे नाशिक रोडच्या छापखान्यात एकाच खात्यात होतो. तो वसईचा ख्रिस्ती, मी सिन्नरकडचा. नोकरीभर दुपारी आमचे डबे बदललेले असत. माझ्या घरची बाजरीची भाकरी आणि पिठले तो खायचा. त्याच्या बायकोने केलेले कोळंबीचे कालवण मी. निवृत्त झाल्यावर तो गावी परतला. काही वर्षांत बायको गेली. या उन्हाळ्यात त्याला अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. पोटाला नळी लावली. तोंडाने काहीही घ्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

फोनवर तो म्हणाला, "दुखण्याचं काही नाही रे. नळीतून औषध गेलं की भागतं. रात्री पदार्थ आठवतात. एकेक उशाशी येऊन बसतो. तू ये. मी सांगेन ते खा आणि कसं लागलं ते मला सांग."

"घरात माणसं आहेत की."

"घरचे सगळं छानच म्हणतात. तू आयुष्यात कशालाच छान म्हणाला नाहीस. मला तूच हवास."

माझ्या मुलाने मला महामार्ग बसस्थानकावर सोडले आणि मी एसटीने वसईला गेलो.

तो अंगणात खुर्चीवर बसला होता. सदरा जुनाच होता, आतला माणूस कमी झाला होता. त्याच्या सुनेने पाणी आणून दिले आणि हळू आवाजात सांगितले, "काका, मागच्या महिन्यात पप्पांनी चोरून दोन चमचे पेज घेतली. ती फुप्फुसात गेली. दवाखान्यातून परत येतील असं वाटत नव्हतं. लक्ष ठेवा."

"काय कानगोष्टी चालल्यात?" तो खुर्चीवरून ओरडला. आवाज घोगरा झाला होता. "चल, रिक्षा आलीय."

प्रथम किल्ल्यात गेलो. तिथली चर्च उभी आहेत, छपरे नाहीत. भिंतीतून पिंपळ वर आले आहेत. जमिनीत थडग्यांचे दगड बसवले आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आहेत, आणि लोक त्यांवरून चालतात. एका कमानीखाली लग्न ठरलेल्या जोडप्याचे फोटो काढणे चालू होते. "सर, थोडं हसा ना, लग्न तुमचंच आहे," असे फोटोग्राफर म्हणत होता. मुलगा काही हसला नाही.

मित्राने रिकाम्या मनोऱ्याकडे बोट केले. "तिथल्या घंटा कुठे गेल्या, माहीत आहे ना? तुमच्या पेशव्यांनी नेल्या. एक तुमच्या गोदाकाठच्या देवळावर टांगली आहे. इतकी वर्षं नाशकात राहिलो ते तिच्यावर नजर ठेवायला."

"मग परत का नाही आणलीस?"

"कंडक्टरने लगेज घेतलं नाही."

एवढेच बोलून तो दम खात एका थडग्यावर बसला. मी उभा राहिलो.

तिथून जेट्टीवरच्या एका खाणावळीत गेलो. त्याने माझ्यासाठी तळलेले बोंबील मागवले. पोऱ्याने त्याच्यापुढेही ताट ठेवले, तेव्हा त्याने ते मागे सारले. "मला उपास आहे." मग माझ्याकडे वळला. "हं. कसा आहे?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे? हजेरी लावतोयस का?"

मी दुसरा तुकडा घेतला आणि सावकाश खाल्ला. जे तोंडात घडत होते ते शब्दात मांडण्याची सवय मला नव्हती. "वरचा रवा कुरकुरीत आहे. आत मासा जवळजवळ पाणीच. जिभेवर ठेवला की राहत नाही. काटाही मऊ आहे, चावून गेला."

त्याने डोळे मिटले होते. त्याचा गळा हलला. "लिंबू पिळ," तो म्हणाला. मी पिळले. "आता?" मी पुन्हा सांगितले. शेजारच्या टेबलावरची माणसे आमच्याकडे पाहत होती. तो अख्खा बोंबील मी त्याच्यासाठी असा खाल्ला. मला भूक नव्हती.

मग त्याच्या गावातल्या चर्चमध्ये गेलो. हे जुने असले तरी नांदते आहे. भिंतींना नुकती सफेदी केलेली होती आणि पंखे फिरत होते. त्याने दाराशी पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण केली आणि तो शेवटच्या बाकावर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने काय मागितले, ते मी विचारले नाही. बाहेर पडताना त्याने बाजूच्या दफनभूमीकडे नुसती मान केली. "ती तिथे."

चर्चमागच्या दुकानात फुगे मिळतात. मैद्याचे, आंबवून तळलेले गोल. लहानपणापासून रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थना आटोपली की, तो तिथे ते खात आला होता. नाशकात असतानाही त्यांच्याविषयी बोलायचा आणि आम्ही कंटाळायचो. मी एक खाल्ला. दुसराही खाऊन पाहिला, म्हणजे अन्याय नको.

"तेल जुनं आहे. मध्ये कच्चा आहे. साखर फार."

"खरं सांगतोस?"

"खरं."

तो हसला, आणि हसताना त्याला ठसका लागला. "सुटलो. हा रोज पहाटे यायचा. आजपासून याला दार बंद."

मला वाटले होते, त्याला चव हवी आहे. त्याला सुटका हवी होती. माझे काम मला तेव्हा कळले.

संध्याकाळी घरी सुनेने पान वाढले. तांदळाची भाकरी आणि शेवग्याच्या शेंगा घातलेले कोळंबीचे कालवण. त्या भागात उन्हाळ्यात मसाला कुटतात आणि बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. "सासूबाईंनी भरलेली शेवटची बाटली होती, काका," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून आज उघडली."

मित्र समोर बसला होता. मी घास घेतला. पहिल्याच घासाला मी ते ओळखले. छापखान्याच्या जेवणघरातले लाकडी बाक, डब्याचे झाकण, सगळे ओळखले. आंबट किंचित पुढे, मग तिखट, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी थोडा धूर. दुसऱ्या कोणत्याही घरात मला ही चव मिळाली नव्हती. सुनेने काहीही चुकवले नव्हते.

"तिच्यासारखं आहे का?" त्याने विचारले.

त्याचा हात माझ्या वाटीच्या काठाशी आला होता.

"असलं तर एक चमचा घेणार मी. मग व्हायचं ते होऊ दे."

"पप्पा, नको हं," सून दारातून म्हणाली.

"तू थांब. मी याला विचारलंय. हा खोटं बोलत नाही."

"नाही," मी म्हणालो. "तिच्यासारखं नाही. मीठ जास्त आहे. मसाला जुनाट लागतो. तिचा हात यात नाही."

त्याने हात मागे घेतला. "वाटलंच मला," तो म्हणाला. "गेली ती घेऊनच गेली." मग खुर्चीला टेकून त्याने डोळे मिटले. चेहरा शांत होता, किंवा दमलेला. मला ठरवता आले नाही.

सून आत निघून गेली. वाटीतले कालवण मी अर्धे तसेच ठेवले. संपवले असते तर त्याला कळले असते.

रात्री मी ओसरीवर झोपलो. तो आत जागा होता की झोपला होता, याची चाहूल लागली नाही. एक चमचा कालवणाने काय झाले असते, याचा मी विचार केला. पेजेचे माहीत होते. तरी त्याचा चमचा अडवण्याचा अधिकार मला कोणी दिला, याचे उत्तर मला सापडले नाही, आणि आजही सापडलेले नाही.

सकाळी तो खोलीतूनच म्हणाला, "जा आता. नाशिकला जाऊन मिसळ खा, तुम्हाला तेवढंच कळतं." मी त्याचा हात धरला आणि सोडला.

सून फाटकापर्यंत आली. माझी पिशवी तिने हातात दिली नाही, कुंपणाच्या भिंतीवर ठेवली.

"काका, मीठ बरोबर होतं. मी चाखून घातलं होतं."

"बरोबर होतं," मी म्हणालो. "सगळंच बरोबर होतं. तसंच्या तसं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने मागे वळून त्याच्या खिडकीकडे पाहिले. तिला कळायला वेळ लागला नाही.

"मला विचारतील," ती म्हणाली. "परत परत विचारतील."

"मीठ जास्त झालं होतं म्हणून सांग."

तिने मान डोलावली. रिक्षा वळून फाटकाशी आली. तिने पिशवी उचलून आत ठेवली आणि रिक्षाच्या दांडीला धरून उभी राहिली.

"बाटलीत अजून मसाला आहे, काका. तो कधी काढू?"

"नंतर," मी म्हणालो.